सुजेचे दिवस

तोंडाला सुया टोचून घेतल्या मी. सांगूनच टाकते एकदाचं, म्हणजे ज्यांना हसायचंय ते आत्ताच हसून मोकळे होतील. बेळगावच्या एका दवाखान्यात खुर्चीवर आडवी पडून मी दोन्ही गालांत आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत गेलेल्या दोन खोल रेघांत भर घालून घेतली. फिलर म्हणतात त्याला. रामनगरात आमचं कापडाचं दुकान आहे आणि बाजारपेठेत असली गोष्ट झाकून राहत नाही. "नातवंडं खेळवायच्या वयात हे काय सुचलं बाईला!" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, तेही आमच्याच दुकानात, आमचेच ब्लाऊजपीस निवडता निवडता. मी कापड कापून दिलं आणि गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पण खरं कारण सांगायचं तर आईचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते गिऱ्हाइकापुढं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

माझी आई मला बघून घाबरायची.

माझं माहेर जोयड्याकडं, कुंभारवाडा गावाच्या पलीकडे. बस सोडली की शेतांच्या बांधांवरून चालत जायचं, मग जंगलाच्या कडेला चार घरं दिसतात, त्यातलं शेवटचं आमचं. भाऊ जंगल खात्याच्या रोजंदारीवर जातो, वहिनी भाताची शेती बघते. आई त्यांच्याकडेच. तिला विसर पडायला लागला तो आधी बारीकसारीक गोष्टींचा. भांडी कुठं ठेवली, आज वार कोणता. मग माणसांचा. गावातली माणसं गेली, भावकीतली गेली, शेवटी आम्ही राहिलो होतो. मी गेले की "आलीस व्हय गे?" म्हणायची आणि मला तेवढं पुरायचं.

त्याच सुमारास मला कावीळ झाली. बरेच दिवस अंथरुणात काढले. उठले तेव्हा अंगावरचं मांस उतरलेलं, त्यात हिरड्या बिघडून दाढा काढाव्या लागल्या. गाल आत गेले. बरी झाल्यावर पहिल्यांदा आरशात नीट बघितलं तेव्हा मला वाटलं, ही तर आजी. माझ्या बापाची आई. तेच खोल गेलेले गाल, तोंडाच्या दोन बाजूंना त्याच दोन रेघा, वरचा ओठ तसाच घट्ट. मी हसलेसुद्धा तेव्हा. म्हटलं, नात कुणाची आहे! पुढं काय वाढून ठेवलंय ते कळलं असतं तर हसले नसते.

आजी वाईट होती असं मी म्हणणार नाही. मला तिनं मांडीवर बसवून काजूगर भरवलेत. पण आईच्या वाट्याला आलेली आजी वेगळी होती. आमच्याकडं सुनेनं सासूपुढं बसायचं नाही अशी रीत, आणि आजीनं ती शेवटपर्यंत सोडली नाही. आजी पडवीत आली की आई हातातलं काम टाकून उठायची. सूप असो, विळी असो, अंगावर पिणारं लेकरू असो. पदर डोक्यावर ओढून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. माहेरी जायला विचारलं तर आजी उत्तरच द्यायची नाही. गाल आत ओढून नुसती बघायची. आईची आई आजारी पडली तेव्हा लावणी चालू होती. लावणी आटपेपर्यंत थांब, असं आजीनं सांगितलं. लावणी आटपली तोवर माणूस राहिलं नव्हतं. आईनं हे मला एकदाच सांगितलं, आणि तेही आजी गेल्यानंतर.

काविळीतून उठून मी पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा आई पडवीत घोंगड्यावर बसून कुळीथ निवडत होती. मी अंगणात पाय ठेवला. तिनं मान वर करून बघितलं आणि हातातलं सूप बाजूला सारून धडपडत उठली. गुडघे तिचे कधीच गेलेले. भिंतीला धरून, दात आवळून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि चौकटीला टेकून उभी राहिली. "आत्याबाई," म्हणाली, "मी बसले न्हवते. आत्ताच टेकले हुते बगा." आत्याबाई म्हणजे सासू. सासूला ती तशीच हाक मारायची.

मला आधी हसूच आलं, मग कळलं. मी म्हटलं, "आई, मी गे. तुझी थोरली." ती मान खाली घालून उभीच. वहिनीनं आतून माझ्या लग्नातला फोटो आणला आणि आईपुढं धरला. आईनं फोटोवरून बोट फिरवलं, डोळ्यांत पाणी आणलं, आणि माझ्यापुढं हात जोडले. "आत्याबाई, पोरीला चार दिस म्हायाराला धाडा की. लई दिस झालं, तिला बगितलं न्हाई." माझ्याचकडं मला मागत होती. "धाडते," म्हटलं आणि मागच्या परसात जाऊन रडले.

मी जायचं सोडलं नाही. माझी हट्टी जात. प्रत्येक खेपेला वाटायचं, आज ओळखेल. कधी फोटोतल्यासारखा अंबाडा घातला, कधी तिला आवडायची तसली हिरवी साडी नेसले. समोर जाऊन उभी राहायचे आणि विचारायचे, "ओळखलंस काय गे?" आणि दर खेपेला ती उठून उभी राहायची. मी असेपर्यंत जेवायची नाही. सासूच्या आधी कशी जेवेल? शेवटी एकदा मी येताना दिसले आणि घाईघाईनं उठताना ती पडवीवरून खाली अंगणात कोसळली. हाड मोडलं नाही एवढंच. कंबरेवर काळानिळा डाग पडला, बघवत नव्हता. वहिनीनं तिला उचलून आत निजवलं आणि माझ्यामागं बांधापर्यंत चालत आली. वहिनी मनानं चांगली. किती वेळ पदराचं टोक पिळत राहिली, मग म्हणाली, "वन्सं, राग मानू नका. पण थोडे दिवस येऊ नका तुमी." मला राग आला, खोटं कशाला बोलू? सख्ख्या आईपासून मला तोडणारी ही कोण, असं वाटलं. पण तो डाग मीही बघितला होता.

फिलरचं मला माझ्या जावेनं सांगितलं. ती बेळगावात राहते, माझ्याहून मोठी, आणि दिसते माझ्याहून लहान. तिच्याकडं बारशाला गेले होते. न्हाणीघराबाहेर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "गाल बघतेस ना माझे? भरलेत." मी म्हटलं, "कशानं, पुरणानं?" ती हसली नाही. तिनं सगळं नीट सांगितलं. इतर वेळी मी तिला महिनाभर चिडवलं असतं. त्या दिवशी मी फक्त पत्ता विचारला.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. मी लग्नातला फोटो तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "असं करून द्या." तिनं फोटो बघितला, मला उजेडाकडं तोंड करायला लावलं, गालाची हाडं बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "काकू, फोटोतली मुलगी मी परत आणू शकत नाही. गाल थोडे भरतील, रेघा कमी होतील, ओढलेलं दिसतं ते जाईल. पण दिसाल तुम्ही तुमच्यासारख्याच."

"तेच नकोय मला," मी म्हटलं. "माझ्यासारखं म्हणजे माझ्या आजीसारखं." आणि मग सगळं सांगून बसले. आईचं उठणं, हात जोडणं, पडणं. डॉक्टरणीनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "काकू, विसराच्या आजारात नुसता चेहरा बदलून ओळख पटतेच असं नाही. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

मी म्हटलं, "ओळख राहू दे. मला बघून ती बसून राहिली तरी पुरे."

तिनं मला घरी जाऊन विचार करायला सांगितलं, तपासण्या करायला सांगितल्या, काविळीचे कागद मागितले. पुन्हा गेले तेव्हा मलम लावून तोंड बधिर केलं, पांढऱ्या पेन्सिलीनं गालावर खुणा केल्या. दुखलं म्हणायचं तर दुखलं, पण बाळंतपणं काढलेल्या बाईनं त्याचं काय सांगावं. आत काहीतरी सरकतंय, ताणतंय असं वाटायचं आणि मग ती बोटांनी बाहेरून बसवायची, पिठाचा गोळा बसवावा तसं. जे घालतात ते म्हणे आपल्या अंगात असतंच, पाणी धरून ठेवणारं. वर्षभरानं हळूहळू विरघळून जातं. मग तिनं बजावलं. सूज येईल, काळंनिळं होईल, त्याला भिऊ नका. कातडी पांढरी पडली, फार दुखलं, नजर अंधूक झाली तर लगेच फोन करा. तोंड चोळायचं नाही, दाबायचं नाही, उताणं झोपायचं. उन्हात नको, चुलीपुढं नको. "आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत आईंकडे जाऊ नका," म्हणाली. "आत्ता बघितलंत तर तुम्हालाच ओळख पटायची नाही."

घरी आले. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि एवढंच विचारलं, "दुखलं काय?" या माणसाशी मी उभा जन्म भांडले. त्या दिवशी मात्र भांडले नाही.

सूज उतरायच्या आधीच वहिनीचा फोन आला. आईला ताप आहे, पेज घशाखाली उतरत नाही, तोंड मिटून घेते. "तुमी या वन्सं," म्हणाली, "मग काय व्हायचं ते होऊ दे." येऊ नका म्हणणारीच ये म्हणत होती, म्हणजे मी काय समजायचं ते समजले. डॉक्टरणीचं बजावणं आठवलं, नाही असं नाही. पण पिशवीत दोन साड्या टाकल्या, पदर नाकापर्यंत ओढला आणि निघाले. जोयड्याला पुढची बस निघून गेलेली, म्हणून जीपमध्ये बसले. वाऱ्यानं पदर सरकला तसा ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "मावशी, मोहोळ उठलं काय?" मी म्हटलं, "व्हय." मागच्या बाया चुकचुकल्या. एकीनं आपल्या नवऱ्याला मधमाश्या कशा लागल्या होत्या ते पार कुंभारवाडा येईपर्यंत सांगितलं.

घर दिसलं. पौषातलं ऊन पडवीवर आलं होतं आणि त्या उन्हात आई गोधडी पांघरून भिंतीला टेकून बसली होती. एवढीशी झाली होती. मी अंगणाच्या कडेलाच थांबले. ठरवलं होतं, तिनं उठायला हात टेकला की आल्या पावली परत फिरायचं. पदर बाजूला केला. ती डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

आणि ओरडली, "अगे माझे बाय! बिबा उतला गे तुला!"

बिबा म्हणजे कपड्यावर खूण करायला वापरतात ते काळं फळ. आमच्या घरामागं जंगलात त्याची झाडं आहेत. फळाच्या बुडाशी पिवळा गोड गर धरतो आणि लहानपणी आम्ही तो खायला जायचो. पण फळातलं तेल कातडीला लागलं की माणूस सुजतो. त्यालाच बिबा उतणं म्हणतात. कुणाला जास्त उततो, कुणाला कमी. मला सगळ्यात जास्त. डोळे मिटून जायचे, गाल टम्म व्हायचे. तरी दर थंडीत मी जायचेच, आणि दर थंडीत आई माझ्या पाठीत धपाटा घालून मला मांडीवर घ्यायची. ओलं खोबरं चावून चावून त्याचा लगदा करायची आणि माझ्या तोंडाला चोळायची. आणि त्या दिवसांत आजी आईला उठवायची नाही. पोर सुजलंय, असू दे, म्हणायची. आईला बसलेली मी बघितली ती त्याच दिवसांत. आता विचार करते तर वाटतं, मी गरासाठी जात होते की आणखी कशासाठी, देव जाणे.

"उभी काय ऱ्हाईलीस? हिकडं ये!" आईनं मला हाताला धरून ओढलं. तापानं हात तापलेला. "कितींदा सांगितलं त्या झाडाखाली मरायला जाऊ नको म्हणून! ऐकायचं न्हाई, न्हाई ते न्हाईच." आणि वहिनीवर खेकसली, "बगत काय बसलीस? नारळ फोड!"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिला मी फोनवर सगळं सांगितलेलं. तिनं नारळ फोडला, खोबरं काढून दिलं. आईनं तुकडा तोंडात घातला. दात दोन-चारच उरलेले, तरी हिरड्यांनी रगडत बसली. मध्येच थोडं गिळायची. पेज न गिळणारी बाई खोबऱ्याचा रस गिळत होती, ते मी आणि वहिनी दोघी बघत होतो. मग लगदा हातावर काढून तिनं माझं तोंड आपल्याकडं वळवलं.

"आई, चोळू नका हो," वहिनी म्हणाली. "वन्संनी आत औषध घातलंय."

"तुला काय कळतंय?"

मी वहिनीला हातानं गप्प केलं. डॉक्टरणीचा शब्दन् शब्द मला आठवत होता. सुयांची भोकं अजून नीट बुजली नव्हती, त्यात तोंडातला लगदा. दाबायचं नाही म्हणाली होती, आणि आई दोन्ही तळव्यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत दाबून चोळत होती. डाव्या गालात काहीतरी खाली सरकलेलं मला कळलं. दुखलं. मी आईचा हात धरू शकले असते. नाही धरला. किती वर्षांनी तिचा हात माझ्या तोंडावर होता. बिघडेना का तोंड, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही तसंच वाटतं.

नंतर ती म्हणाली, "पेज घाल दोघींना, मीठ घालू नको. सूज वाडती." मला पहिला घास तिनं भरवला. मग स्वतः खाल्ली. वहिनी चुलीपुढं तोंड फिरवून बसली होती, तिचे खांदे हलत होते.

ताप पुढं गोळ्यांनी उतरला असेल. मी खोबऱ्याला त्याचं श्रेय देत नाही. पण ती खायला लागली, ते माझ्यामुळं. पुढचे दिवस मी तिच्याशेजारी घोंगड्यावर काढले. सकाळी उठली की आधी माझं तोंड तपासायची. उन्हात जाऊ नको, चुलीपुढं बसू नको, असं तीही बजावायची, डॉक्टरणीसारखंच. रोज खोबरं. तोंडाला त्या खोबऱ्याचा खवट वास यायचा आणि मुंग्या लागायच्या. तिच्या मनात मी कधी शाळेत जाणारी पोर असायचे, कधी लग्न होऊन माहेरपणाला आलेली. "आज साळंला जाऊ नको," म्हणायची आणि लगेच, "जावई काय म्हंतायत?" मी दोन्हींची उत्तरं द्यायचे. त्या दिवसांत मी सुखी होते. दुसरा शब्द नाही.

सूज उतरत होती, ते मला कळत होतं. रोज हातानं चाचपून बघायचे. जगातल्या बाया सूज उतरायची वाट बघतात, आणि मी देवाला म्हणत होते, राहू दे अजून.

एके दिवशी आंघोळ करून माजघरातल्या आरशापुढं उभी राहिले. आरशातली आजी गेली होती. डावा गाल जरा खाली, तिथं हाताला छोटी गाठ लागायची, पण बाकी तोंड भरलेलं, गुळगुळीत, रेघा पुसलेल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. बाई आहे मी. केस नीट केले, फोटोतल्यासारखा अंबाडा घातला आणि बाहेर पडवीत आले.

आई उन्हात बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. उठली नाही. पदर ओढला नाही, भिंत धरली नाही. आपली पाय पसरून बसून राहिली आणि थोडं हसली, परक्या माणसाकडं बघून हसतात तसं.

"या अक्का, बसा. कुठल्या तुमी?"

मी मागितलं होतं तेवढं मला मिळालं होतं. मी तिच्याशेजारी बसले. "रामनगरची," म्हटलं.

"आसं आसं. लांबून आलाय." तिची मूठ झाकलेली होती. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं वाकून मूठ उघडली. चावलेलं खोबरं. "अक्का, एक काम कराल काय? आत पोरगी निजलीया माजी. बिबा उतलाय तिला, तोंड बगवत न्हाई. मला उटवत न्हाई वो, गुडगं गेल्यात. एवडं तिला लावून द्या की."

मी हात पुढं केला. तिनं लगदा माझ्या तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली, सांडू नये म्हणून.

आत गेले. माजघरात अंधार होता. खांबाला टेकून खाली बसले आणि ते खोबरं माझ्या हातानं माझ्या तोंडाला लावलं. दोन्ही गालांना, कपाळाला, हनुवटीला. बाहेरून आईचा आवाज आला.

"लावलं काय गे अक्कानं?"

मी म्हटलं, "लावलं आई."

"आग व्हती काय?"

"न्हाई. गार वाटतंय."

"मग नीज जरा. मी हाय हितंच."

मी खांबाला डोकं टेकलं. इतके दिवस मी तिच्यापुढं तोंड घेऊन उभी राहत होते, ओळख म्हणून हट्ट धरत होते. आवाज तर माझा तोच होता. आडून बोलायचं मला कधी सुचलंच नाही.

बेळगावला दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीण गाठ चाचपून रागावली. कुणी चोळलं, म्हणाली. मी सांगितलं तशी तिनं चष्मा काढून पुसला. गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं म्हणे, ते देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. त्याला आता वर्ष होऊन गेलं. गाल पुन्हा आत जायला लागलेत, गाठही सापडत नाही. पुन्हा भरून घे म्हणून माझी जाऊ मागं लागलीय. बाजारातल्या बाया म्हणतात, उतरलं वाटतं सगळं. म्हणू देत.

मी आता माहेरी जाते ती मागच्या दारानं. परसातून आत शिरते, माजघरात खांबाला टेकून बसते, वहिनी आवाज न करता मला पेज वाढते. आई बाहेर पडवीत. मध्ये भिंत. भाताचं, पावसाचं, जावयाचं सगळं बोलणं होतं. आणि दर वेळी बोलता बोलता ती थांबते आणि विचारते.

"सूज उतरली काय गे?"

"न्हाई आई. हाय अजून."

"मग जायची घाई करू नको. ऱ्हा चार दिस."